बटणाचा रंग राहू दे, साक्याचं बोल

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, म्हणून "बघू गो" म्हणून ठेवून दिला. पण तुझा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. "ताई, वेबसाइटवरचं ऑर्डरचं बटण हिरवं ठेवू की केशरी? स्प्लिट टेस्टिंग करून बघते." आता निवांत बसलेय, तर मनातलं सांगते. रागावू नकोस बाय, पण बटणाचा रंग हा तुझा प्रश्नच नाही.

आधी माझी फजिती ऐक. घरात दोघा-तिघांनाच ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मी आपल्या हापूसचं वेबसाइटवरचं पान नव्याने मांडलं. मार्चभर जुनं पान होतं, एप्रिलच्या अखेरीस नवं चढवलं. मे महिन्यात ऑर्डरी अशा आल्या की पेट्या भरायला माणसं पुरेनात. मी हुरळले. भेटेल त्याला सांगत सुटले, नवं पान चाललं! काकांनी शांतपणे विचारलं, "अगो, मे महिन्यात भाव उतरतो. पान चाललं की भाव?" मी गप्प. मार्चमध्ये चढ्या भावाने पेटी घेणारा माणूस वेगळा आणि अक्षय्य तृतीयेनंतर घेणारा वेगळा. मी मोजला मोसम आणि श्रेय दिलं पानाला. पुढच्या वर्षी तेच 'चाललेलं' पान मार्चपासून ठेवलं, तर पंधरा दिवस फोन वाजला नाही.

म्हणून स्प्लिट टेस्टिंगची पहिली गोष्ट: दोन पानं एकामागून एक लावायची नाहीत. दोन्ही एकाच काळात चालवायची आणि कुणाला कोणतं दिसेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरू द्यायचं. हे आपल्याकडे काही नवीन नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही विचार. खताची चाचणी घ्यायची तर खाडीकडची सगळी कलमं एका खताला आणि कातळावरची दुसऱ्याला, असं कुणी करत नाही. नाहीतर गुण खताचा की जमिनीचा, ते कसं कळणार? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात गेले आणि तिथल्या शेतांवर काम करताना त्यांनी हा चिठ्ठ्यांचा नियम पक्का केला. आपल्याकडच्या शेतीच्या विद्यार्थ्यांपर्यंत तो पोचला पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४च्या पुस्तकातून. त्यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. वेबसाइटवाल्यांनी शेताच्या जागी पान ठेवलं, एवढंच.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. गूगलने एकदा निळ्या रंगाच्या ४१ छटा तपासल्या होत्या. त्यांना ते परवडतं, कारण त्यांच्याकडे माणसांचा समुद्र आहे. तुझ्या पानावर दिवसाला साठेक माणसं येतात, त्यातली शंभरात तीन ऑर्डर देतात असं धर. बटणाच्या रंगाने तिनाची चार झाली, तर तो फरक खरा की योगायोग हे कळायला प्रत्येक पानावर साधारण ५,३०० माणसं यावी लागतात. दोन्ही मिळून साडेदहा हजार. साठाने भाग. सहा महिने गेले! आपला मोसम अडीच महिन्यांचा. तेवढ्यात पावसाळा येऊन ताडपत्र्या चढल्या असतील. पण एखाद्या बदलाने तिनाची सहा होत असतील, तर प्रत्येक पानाला साडेसातशे माणसं पुरतात, म्हणजे पंचवीस दिवस. तेव्हा लहान दुकानाने लहान बदल तपासत बसू नये. ज्याने गिऱ्हाइकाचं मन हलेल असाच बदल घ्यावा.

आणि मन कशाने हलतं? मागच्या मोसमातले व्हॉट्सॲपवरचे निरोप वाच. "बटण केशरी का नाही?" असं एकाने तरी विचारलंय? पुण्या-मुंबईची माणसं विचारतात, "साका निघाला तर?" बाहेरून फळ देखणं, आणि कापल्यावर आत पांढुरका, फोफसा, आंबट गर. हापूसची ही जुनी खोड. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१मध्ये 'रत्ना' आणला, त्याचं एक मोठं कौतुक म्हणजे त्यात साका होत नाही. लांब शहरात बसून आगाऊ पैसे भरणाऱ्याच्या पोटात हीच भीती असते. मग तपासायचं ते हे: एका पानावर ('क') नेहमीसारखा बागेचा फोटो आणि भाव, दुसऱ्यावर ('ख') सगळ्यात वर ठळक ओळ, 'साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.' बाकी सगळं तेच. फोटोही बदललास, भाषाही बदललीस, तर जिंकलं कोण ते ओळखता येणार नाही.

आता मांडणी कशी करायची ते सांगते. पूर्वी गूगल ऑप्टिमाइझ फुकटात हे काम करायचं, ते ३० सप्टेंबर २०२३ला बंद झालं. तुझी साइट वर्डप्रेसवर आहे, त्यामुळे ए-बी टेस्टचं (स्प्लिट टेस्टिंगचंच दुसरं नाव) एखादं प्लगइन घाल. ते माणसं अर्धी-अर्धी वाटतं आणि एकदा 'क' पान पाहिलेल्याला त्याच फोनवर पुन्हा 'क'च दाखवतं. साइट वेगाने उघडावी म्हणून तू कॅशेचं प्लगइन घातलंयस ना? ते कधीकधी सगळ्यांना एकच साठवलेलं पान वाढतं. म्हणून सुरू करण्याआधी दरवेळी इन्कॉग्निटो बंद करून नव्याने, असं दहा-बारा वेळा पान उघडून बघ, दोन्ही दिसतात की नाही. दोन पानांचे पत्ते वेगळे असतील तर वळवणी ३०२ची, म्हणजे तात्पुरती ठेव, आणि मूळ पान कोणतं ते कॅनॉनिकल टॅगने गूगलला सांग.

पण आपल्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच ठरतात, तिथे प्लगइन आंधळं. त्यावर माझी युक्ती ऐक. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये निरोप आधीच भरून ठेवता येतो. 'क' पानाच्या लिंकमध्ये लिही, 'नमस्कार, हापूसची चौकशी करायची होती.' 'ख' पानाच्या, 'नमस्कार, हापूसबद्दल विचारायचं होतं.' गिऱ्हाइकाला काही वावगं वाटत नाही, तुला मात्र कळतं कोण कुठून आलं. बिझनेस ॲपमध्ये लेबल लाव, आणि रात्री वहीत दोन रकाने भर. मोजायची ती पैसे आलेली ऑर्डर. नुसती चौकशी धरू नकोस.

सुरू केल्यावर सगळ्यात अवघड काय असेल, तर हात आवरणं. आजी आढी लावायची ते आठवतं? पेंढ्यात आंबे रचले की आपल्याला जवळ फिरकू द्यायची नाही. आपण चोरून उकरायचो आणि एखादं फळ पिवळं दिसलं की ओरडायचो, पिकले! टेस्टचंही तसंच. चौथ्या दिवशी 'ख' पुढे दिसला म्हणून थांबवलंस, तर निम्म्या कच्च्या आढीला पिकली म्हणशील. चार आठवडे आधीच ठरव, वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिही. आठवडे पुरे घे, कारण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं सारखं नसतं. मध्ये पाडवा किंवा अक्षय्य तृतीया आली तर तेही टीप.

एक मात्र कधी करू नकोस, बाय. भावावर टेस्ट नको. ठाण्याच्या मावशीला एक भाव दिसला आणि तिच्या सुनेला दुसरा, तर दोघी जेवताना ताडून बघणारच, आणि पुन्हा तुझ्याकडे येणार नाहीत. आणि मालाबद्दलची खरी गोष्ट दोन पानांवर दोन तऱ्हांनी सांगायची नाही. २०१८मध्ये आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते त्याच्या मुलखामुळे; तेव्हा फळ कुठलं ते दोन्ही पानांवर खरं आणि सारखंच लिही. तसंच पैसे परतीची ओळ लिहिलीस, तर पाळायची. 'ख' हरला तरी, ज्यांनी ती वाचून पेटी घेतली त्यांच्यापुरती ती पाळायचीच.

आणि चार आठवड्यांनी काहीच फरक दिसला नाही तर? तसंच लिही वहीत, 'फरक दिसला नाही.' मी ते पहिल्याच वर्षी लिहायला शिकले असते, तर पुढच्या मार्चमधले पंधरा दिवस वाचले असते.

शनिवारी ये. जुने निरोप दोघी मिळून वाचू, कोण काय विचारतं त्याच्या खुणा करू. बटण तोवर तुला आवडेल त्या रंगाचं ठेव.