सारे घर नाटकाला

एक जुने नाटक आहे. त्याचे नाव ‘संगीत सौभद्र’. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते लिहिले. 1882 साली पुण्यात त्याचे पहिले तीन अंक झाले. पुढच्या वर्षी पाचही अंक लोकांनी पाहिले. ज्यांनी तेव्हा ते पाहिले त्यांची पतवंडेही आता म्हातारी झाली. पण नाटक काही म्हातारे झाले नाही. 140 वर्षांहून अधिक काळ त्याचे प्रयोग होत आले आहेत. नट बदलले, नाटक मंडळ्या बदलल्या, जुन्या बत्त्या जाऊन विजेचे दिवे आले. तरी सौभद्राचा पडदा वर जातोच आहे.

असे या नाटकात आहे तरी काय? आणि ते साऱ्या घराने मिळून का पाहावे? या धड्यात आपण तेच पाहू.

गोष्ट घरातलीच

गोष्ट महाभारतातली. सुभद्रा ही बलराम आणि श्रीकृष्ण यांची धाकटी बहीण. तिचे मन अर्जुनावर जडलेले. अर्जुनालाही तीच हवी. पण अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला. इकडे थोरले दादा, म्हणजे बलराम, तिचे लग्न दुर्योधनाशी ठरवून टाकतात. दुर्योधन मोठ्या घरचा, राजाचा मुलगा. शिवाय बलरामांचा आवडता शिष्य. दादांच्या मते याहून चांगले स्थळ कोणते?

सुभद्रेला कोणी विचारले का? नाही.

बलराम काही वाईट माणूस नाही. तो तापट आहे, पण मनाने सरळ आहे. बहिणीचे भले व्हावे असेच त्याला वाटते. फक्त तिचे भले कशात आहे, हे तिलाच विचारायचे राहून जाते. आपल्याकडेही हेच चालते, नाही का? “पोरीला काय कळतंय? आम्ही काय तिचं वाईट करणार आहोत?” असे शब्द आपण किती घरांत ऐकतो! बोलणारा बाप प्रेमानेच बोलत असतो. पण पोर मात्र चुलीपाशी मुकाट बसलेली असते.

कृष्ण धाकटा भाऊ. वडील भावाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचे कसे? म्हणून तो युक्ती लढवतो. त्याच्या सांगण्यावरून घटोत्कच राक्षस झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात नेतो. तिथे तिची आणि अर्जुनाची गाठ पडते. पुढे अर्जुन संन्याशाचे सोंग घेऊन येतो. भोळे बलराम त्या संन्याशाच्या पाया पडतात. त्याला मानाने ठेवून घेतात. आणि त्याच्या सेवेला कोणाला नेमतात? सुभद्रेलाच! हे सोंग बलरामांना कळत नाही, पण प्रेक्षकांना कळलेले असते. मग हसून हसून पुरेवाट होते.

शेवटी लग्न अर्जुनाशीच लागते. बलराम आधी खूप रागावतात. कृष्ण त्यांची समजूत घालतो. मग तेही शांत होतात आणि घर पुन्हा एक होते.

हसता हसता विचार

आता बघा. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात, तेव्हा घरात कोणी मोकळे बोलत नाही. मुलगी लाजते किंवा भिते. आई बापाच्या तोंडाकडे बघते. बाप चारचौघांच्या तोंडाकडे बघतो. मनातले मनातच राहते.

नाटकात मात्र तेच सारे उजेडात येते. बाप, आई, मुलगी, मुलगा एकाच रांगेत बसलेले असतात. समोर बलराम हट्ट करतो. सुभद्रा रडते. बाप बलरामाला हसतो. हसता हसता त्याच्या मनात येते, “अरे, मी तरी याहून काय निराळं करतोय?” त्याला कोणी बोल लावलेला नसतो. कोणी उपदेश केलेला नसतो. नाटक त्याच्यापुढे फक्त आरसा धरते.

म्हणून आम्ही सांगतो, नाटकाला एकटे जाऊ नका. घर घेऊन जा. परतताना वाटेत बोलणे निघेल. “सुभद्रेला आधी विचारलं असतं तर?” असे कोणी तरी म्हणेल. घरी जे बोलायला अवघड, ते सुभद्रेच्या नावाने सोपे होते.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवा. आपल्या कायद्याने लग्नाच्या वेळी मुलगी 18 वर्षांची आणि मुलगा 21 वर्षांचा पूर्ण झालेला हवा. पण वय भरले म्हणजे सारे झाले असे नाही. मुलीची खुशीही हवी. अर्जुनासारखे सोंग आणि कृष्णासारखी युक्ती दर घरी कुठून येणार? त्यापेक्षा मुलीला सरळ विचारावे, हे बरे.

गाणी आपलीच

1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केले. तेव्हाच्या नाटकात गाणी सूत्रधार म्हणत असे. किर्लोस्करांनी पात्रांनाच गायला लावले. 1880 साली त्यांनी ‘शाकुंतल’ पुण्यात आणले, त्यात ही रीत होती. सौभद्रात तर त्यांनी शंभराहून अधिक पदे घातली. पदे म्हणजे नाटकातली गाणी.

एवढी गाणी लोकांना कशी आवडली? कारण त्यांच्या चाली लोकांच्या ओळखीच्या होत्या. कीर्तनातली साकी आणि दिंडी त्यांनी घेतली. लावणीची चाल घेतली. कानडी मुलखातल्या चाली घेतल्या. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही ते सूर येत होते. म्हणून गाणी नाट्यगृहातून निघाली ती घराघरांत गेली.

त्या काळी बायका नाटकात काम करीत नसत. सुभद्रेचे काम पुरुष करी. भाऊराव कोल्हटकरांनी ते केले. पुढे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी सुभद्रा गाजवली. मग हळूहळू बायका रंगभूमीवर आल्या. आज सुभद्रेचे दुःख स्त्रीच आपल्या गळ्याने गाते. हा बदलही सौभद्राने पाहिला.

पूर्वी नाटक रात्री सुरू होई ते पहाटेपर्यंत चाले. आता इतका वेळ कोणाला आहे? म्हणून पदे कमी करून नाटक थोडक्यात करतात. पण पात्र आजही स्वतः गाते. समोर ऑर्गन आणि तबला साथीला असतो. गाणे रंगले की लोक ‘वन्समोर’ म्हणून ओरडतात. मग नट तेच गाणे पुन्हा म्हणतो.

एका छपराखाली

सारे घर एकत्र बसायचे तर बसायला जागा हवी. अशी एक जुनी जागा कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1913 साली तिथे नाट्यगृहाचे काम काढले आणि 1915 साली ते पुरे झाले. त्याचे नाव पॅलेस थिएटर. शेजारीच त्यांचे खासबाग कुस्ती मैदान. कुस्ती आणि गाणे, दोन्हींना महाराजांनी एकमेकांच्या शेजारी जागा दिली.

पुढे या नाट्यगृहाला केशवराव भोसले यांचे नाव दिले. केशवराव कोल्हापूरचे, गरिबीत वाढलेले, गोड गळ्याचे गायक नट. 1921 साली त्यांनी आणि बालगंधर्वांनी मुंबईत मिळून ‘मानापमान’ नाटक केले. त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले. त्यानंतर दोघांनी मिळून सौभद्रही केले. त्याच वर्षी केशवराव वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे 31 वर्षांचे होते.

2024 सालच्या 8 ऑगस्टच्या रात्री या नाट्यगृहाला मोठी आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच जळाला, खुर्च्या जळाल्या, छप्पर गेले. नट रडले, तसे कधी तरी तिथे नाटक पाहिलेले साधे लोकही हळहळले. त्यांचे घर काही जळले नव्हते. मग त्यांना एवढे का लागले? कारण आईबापांच्या मांडीला मांडी लावून ते तिथेच बसले होते. तिथेच हसले, तिथेच रडले होते. नाट्यगृह जसे होते तसे पुन्हा उभे करायचे, असे ठरले आणि कामही हाती घेण्यात आले.

भिंती सरकारला बांधता येतात. पण खुर्च्या भरायचे काम आपले. लोक आले नाहीत तर चांगले नाट्यगृहही ओस पडते, आणि 140 वर्षांचे नाटकही बंद पडते.

तिकीट वाचा

आता आपल्याला वाचता येते. मग नाटकाला जाताना दुसऱ्याला विचारायला नको. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येतात, त्या वाचा. नाटकाचे नाव, वार, वेळ आणि नाट्यगृह पाहून घ्या. तिकिटावर रांगेचे अक्षर असते आणि खुर्चीचा आकडा असतो. तेवढे वाचले की आपली जागा आपल्याला सापडते. मागच्या आणि बाल्कनीतल्या जागा बहुधा स्वस्त असतात. गाणे तिथेही ऐकू येते.

आत गेल्यावर तीन घंटा होतात. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. त्याआधी जागेवर बसा. मोबाईल बंद करा. लहान मूल रडू लागले तर त्याला थोडा वेळ बाहेर न्या, पण त्याला घरी मात्र ठेवून येऊ नका. गाणे कानावर पडू द्या. अर्थ कळायला पुढे सारे आयुष्य आहे.

विचार करा

1. बलरामाने सुभद्रेचे लग्न ठरवताना काय करायला हवे होते?
2. कृष्णाने दादांना सरळ का सांगितले नाही? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?
3. तुमच्या घरी लग्न ठरले तेव्हा मुलीला कोणी विचारले होते का? कोणी आणि केव्हा?
4. तुमच्या गावाजवळचे नाट्यगृह कोणते? तिथे पुढचे नाटक कोणते आहे ते जाहिरातीत वाचून वर्गात सांगा.

शब्दांचे अर्थ

रंगभूमी – नाटक करण्याची जागा
अंक – नाटकाचा एक भाग
सूत्रधार – नाटक चालवणारा, सुरुवातीला पुढे येऊन बोलणारा
पद – नाटकातले गाणे
स्थळ – लग्नासाठी सुचवलेला मुलगा किंवा मुलगी
खुशी – मनापासूनचा होकार