जळजळ थांबली, पण जंतू?

प्रश्न : द्राक्षबागेत कामाला जाते. दिवसभर ऊन, आडोसा नाही, म्हणून पाणीही कमीच पिते. परवा उन्हाळी लागली. मेडिकलमधून गोळी आणली. लघवी भगवी झाली, पण संध्याकाळपर्यंत आराम पडला. आता डॉक्टरांकडे जायलाच हवं का?
– एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)

उत्तर : हो ताई, जायला हवं. रंगावरून ती गोळी फेनाझोपायरिडीनची वाटते. हे औषध म्हणजे मुळात एक रंगद्रव्यच. ते लघवीत उतरतं आणि मूत्रमार्गाचं आतलं अस्तर बधिर करतं, म्हणून आग थांबते. भगव्या रंगाला घाबरू नका. कपड्यांवर मात्र त्याचे डाग पडतात.

पण या गोळीने जंतू मरत नाहीत. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले ई. कोलाय असतात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, त्यामुळे ते मूत्राशयात लवकर पोचतात. तिथून मूत्रपिंडापर्यंत चढले, तर दुखणं गंभीर होतं. जंतू मारायला अँटिबायोटिकच लागतं. ते कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. तेही उरलंसुरलं किंवा शेजारणीचं घेऊ नका.

वेदनेची ही गोळी अँटिबायोटिकसोबत फार तर 2 दिवस घ्यायची असते. मूत्रपिंडाचा विकार किंवा जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, तर घेऊच नये. लघवी तपासायला देताना गोळी घेतल्याचं आवर्जून सांगा, कारण रंगामुळे पट्टीवरची तपासणी चुकू शकते. कल्चर (जंतू वाढवून करायची तपासणी) करायचं असेल, तर नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या.

जळजळीवर घेतलं जाणारं सायट्रेटचं गोड-आंबट सिरपही असंच. त्याने लघवीचा आंबटपणा घटतो, संसर्ग जात नाही. त्यात सोडियम असतं, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, पण औषध टाळून नव्हे.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. गर्भारपण किंवा मधुमेह असेल, तर पहिल्याच जळजळीला जा.

आणि बागमालकांना एक कळकळीची विनंती : मजूर बायकांसाठी बागेत स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी ठेवा. लघवी तुंबवून, तहान मारून काम करावं लागलं, तर हे दुखणं पुन्हा पुन्हा येतच राहील.