पिळ्याचा हिशेब

विजेवाचून चालणारे कपडे धुण्याचे सुधारलेले यंत्र करावे आणि त्यायोगे खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या मनगटांवरचा व कमरेवरचा एक मोठा भार हलका करावा, असा संकल्प धरून जी तरुण मंडळी अलीकडे माझ्याकडे आराखडे घेऊन येतात, त्यांच्या कागदांवर पिंप, दांडा, साखळी आणि दंतचक्रे यांचा तपशील मोठ्या निगुतीने काढलेला असतो. परंतु धुतलेला कपडा पिळायचा कोणी व कसा, या प्रश्नाला त्या नकाशात बहुधा जागाच दिलेली नसते. अशाच एका उपक्रमाच्या चाचण्या मी जवळून पाहिल्या, त्यातली फजिती पाहिली आणि पुढे त्याला लागलेले बरे वळणही पाहिले. तो अनुभव या मंडळींच्या उपयोगी पडावा, त्यांचे पैसे व उमेद वाचावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख. तेथील एका गावी एका सेवाभावी संस्थेने हा उपक्रम हाती घेतला होता, आणि मी यंत्रशाळेत आयुष्य घालविलेला मनुष्य असल्यामुळे तयार नमुन्याची रुजुवात करण्याचे काम माझ्याकडे आले. नकाशांना मंजुरी आधीच मिळालेली होती. यंत्र पायडलचे होते, कारण हातापेक्षा पायात बळ अधिक, हे कोणालाही मान्य व्हावे. शिवाय केरळातील रेम्या जोस यांनी शाळकरी वयात पायडलचे धुलाई यंत्र करून दाखविले होते, तो दाखलाही संस्थेपुढे होता. बाहेर एक पिंप, त्यात आडव्या कण्यावर फिरणारे अर्ध्या मीटर व्यासाचे सच्छिद्र पिंप, आणि सायकलची साखळी. कल्पना नवी नव्हे. रेगेन्सबुर्गच्या याकोब क्रिस्टिआन शेफर या धर्मोपदेशकाने धुण्याच्या यंत्रावर १७६७ साली पुस्तक छापले होते, आणि फिरत्या पिंपाचे एकस्व इंग्लंडात हेन्री सिजिअर याने १७८२ मध्ये घेतले होते. इतक्या जुन्या गोष्टीतही फसगत व्हावी, याचे कारण यंत्र धुण्याचे असले तरी धुण्याचा अभ्यास मात्र कोणी केलेला नव्हता, हेच होय.

पहिल्या चाचणीच्या वेळी गावातला एक धडधाकट तरुण पायडलवर बसला आणि बघ्यांनी त्याला आणखी जोराने मारण्याचे प्रोत्साहन दिले. पिंप गरगर फिरले, पाणी घुसळले गेले, आणि कपडे मात्र जवळजवळ मळके ते मळकेच बाहेर आले. याचे कारण साधे आहे. आडव्या पिंपात कपडा स्वच्छ होतो तो वर उचलला जाऊन खाली पाण्यात आपटल्यामुळे, म्हणजे घाटावरचा दगड जे काम करतो तेच येथे पडण्याने साधावयाचे असते. पण वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणा गुरुत्वाकर्षणाला भारी होते आणि कपडा पिंपाच्या अंगाला चिकटून पिंपाबरोबरच फिरत राहतो. पिंपाची त्रिज्या २५ सेंटिमीटर असेल तर ही मर्यादा मिनिटाला सुमारे ६० फेऱ्यांवर येते. सबब अशा पिंपाला धुताना ४० ते ४५ फेरे पुरेत, आणि दंतचक्रांचे प्रमाण असे बसवावे की चालविणाऱ्याच्या स्वाभाविक लयीतच हा वेग मिळावा. त्याला सावकाश फिरविण्याची ताकीद द्यावी लागेल असे यंत्र कधीही करू नये. पिंप लहान केले तर ही मर्यादा वर सरकते, मोठे केले तर खाली येते, हेही ध्यानात असावे.

दुसरी अडचण त्याहून नडणारी निघाली. यंत्राला सायकलचे फ्रीव्हील बसविलेले होते, त्यामुळे पिंप एकाच दिशेने फिरे. सदरा किंवा लहान मुलाची चड्डी असल्या आखूड कपड्यांना त्याने बाध येत नाही. पण पाच-सहा वार लांबीचे पातळ, नऊवारी लुगडे आणि त्यांत एखादे धोतर एकाच दिशेने फिरत राहिले की त्यांचा असा काही दोरखंड वळला जातो की आतल्या पदरांपर्यंत साबणाचे पाणी पोचतच नाही, आणि बाहेर काढल्यावर तो गुंता सोडविण्यात धुण्याइतकाच वेळ मोडतो. आम्ही एक लुगडे उलगडले तेव्हा त्याच्या मधल्या भागातली चुलीची काजळी जशीच्या तशी होती. दर आठ-दहा फेऱ्यांनंतर दिशा उलटी करणे हाच यावर इलाज, विजेची यंत्रेही तेच करतात. आणि उलट दिशा हवी तर फ्रीव्हील चालत नाही. शिवाय पायडलवर बसणे लुगडे नेसलेल्या बाईला अवघड जाते, आणि अंगणात चारचौघांदेखत तर तिला ते नकोसेच वाटते. या दोन कारणांनी मी हातदांड्याची शिफारस केली. हातदांडा उजव्या-डाव्या कोणत्याही अंगाला सारखाच फिरतो, आणि धुण्याच्या मंद गतीला हाताचे बळ पुरते. नवज्योत साहनी यांनी तमिळनाडूतील आपल्या शेजारणीच्या नावावरून ‘दिव्या’ असे नाव दिलेले जे यंत्र केले आणि जे इराकमधील निर्वासितांच्या छावण्यांत पोचले, तेही हातदांड्याचेच आहे.

एवढ्या दुरुस्त्या झाल्यावर कपडे खरोखरच निघू लागले, आणि संस्थेच्या मंडळींनी काम फत्ते झाले असे मानून पुढच्या यंत्रांची मागणी नोंदविण्याचा मसुदाही तयार केला. त्याच वेळी चाचणीला येणाऱ्या एका वयस्क काकूंनी ओल्या कपड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून विचारले, “दादा, धुनं ह्यो पिंप करंल, पर पिळायचं कुनी?”

या प्रश्नात सगळे यंत्रशास्त्र आले आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. धुणे म्हणजे घुसळणे नव्हे. धुणे म्हणजे मळ कपड्यातून सोडवून पाण्यात आणणे आणि मग ते मळके पाणी कपड्यातून काढून टाकणे. त्यातला पहिला अर्धा भाग साबण, सोडा आणि आपटणे यांनी होतो, दुसरा अर्धा भाग केवळ खळबळण्याने व पिळण्याने होतो. माणसारख्या तालुक्यातील गावात, जेथे टँकर येईल त्या दिवशी धुणी निघतात, तेथे या दुसऱ्या भागाचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. कोरडे वजन ४ किलो असलेले सुती कपडे नुसते निथळून ठेवले तर त्यांत सुमारे १० लिटर साबणाचे पाणी राहते असे धरा. आता खळबळण्यासाठी ३० लिटर पाणी आहे. ते सगळे एकदम ओतले तर कपड्यात पूर्वीच्या साबणाचा चौथा हिस्सा उरतो. तेच १० लिटरच्या तीन हप्त्यांत वापरले, पण मध्ये पिळले नाही, तर आठवा हिस्सा उरतो. आणि प्रथम पिळून कपड्यातले पाणी ४ लिटरवर आणले, मग त्याच तीन हप्त्यांत खळबळून दर वेळी पुन्हा तितकेच पिळले, तर जो साबण उरतो तो शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. पाणी तेवढेच, साबण तोच, पिंप तेच. फरक फक्त पिळण्याचा. ज्या यंत्राला पिळता येत नाही ते यंत्र एक तर पाणी दुप्पट-तिप्पट खाते किंवा कपड्यात साबण ठेवते, आणि तो साबण मग उन्हात कडक होऊन लहान मुलांच्या अंगाला खाजवतो. पिळण्याचे काम यंत्राने केले नाही तर ते मनगटांवर पडते, आणि ज्या मनगटांसाठी हा सारा खटाटोप त्यांना सर्वांत अधिक छळणारे काम तेच आहे.

पिळण्याचे मार्ग दोन. एक, पिंपच वेगाने फिरवून पाणी बाहेर फेकणे. दुसरा, दोन रबरी रुळांमधून कपडा काढणे, ज्याची जात उसाच्या चरकाची आहे. पहिला मार्ग तरुण अभियंत्यांना फार आवडतो, आणि त्यात शक्तीची अडचण मोठी नाही. दहापट वाढ देणारी दंतचक्रे बसवून मिनिटाला ४०० फेरे हाताने गाठता येतात, आणि त्या वेगाला कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४५ पट ओढ बसते. परंतु कपडे पिंपात सारखे कधीच पसरत नाहीत. एक किलोचा ओला गोळा कण्यापासून २० सेंटिमीटरवर एका बाजूला राहिला तर त्या वेगात तो कण्याला सुमारे ३६ किलो वजनाइतका हिसका देतो, आणि तोही सेकंदाला सहा-सात वेळा दिशा बदलून. आमचा नमुना या हिसक्यांनी फरशीवरून सरकत मोरीच्या कठड्याला जाऊन भिडला. अमेरिकेत १९३७ साली आलेले बेंडिक्सचे स्वयंचलित यंत्र याच कारणास्तव जमिनीला बोल्टांनी जखडावे लागत असे. पुढील यंत्रांत पिंप स्प्रिंगांवर टांगून आणि तळाशी जड ठोकळा बसवून हा प्रश्न सोडविला गेला. हाताने उचलून हलवावयाच्या यंत्राला जड ठोकळा कसा परवडणार? म्हणून ज्याला हा मार्ग धरावयाचा असेल त्याने पिंप लहान ठेवावे, आत तीन उभ्या पट्ट्या लावून कपडे पसरण्यास मदत करावी, वेग हळूहळू चढवावा आणि या कामापुरते फ्रीव्हील जरूर बसवावे, नाहीतर हात सुटल्यावर फिरता दांडा मनगट मोडील.

माझे मत रुळांच्या बाजूचे आहे. आपल्याकडील धुण्यात लुगडी, पातळे, धोतरे, चादरी, टॉवेल असे लांब व सपाट कपडेच पुष्कळ असतात, आणि रुळांना ते फार मानवतात. लुगड्याचे एक टोक धरून दिले की ते आपोआप ओढले जाऊन दुसऱ्या बाजूने जवळजवळ इस्त्री केल्यासारखे बाहेर येते. गुंड्या तेवढ्या आतल्या घडीत घालाव्या लागतात. मात्र एका गोष्टीत कसलीही तडजोड करू नये. रुळांच्या यंत्रांनी पाश्चात्त्य देशांत इतक्या मुलांची बोटे व हात चेमटले की वैद्यकात त्या इजेला स्वतंत्र नाव पडले. ती यंत्रे विजेची होती आणि हाताचा दांडा थांबविता येतो हे खरे. तरीही रुळांवरचा दाब एका फटक्यात सुटेल असा खटका, चालविणाऱ्याच्या मोकळ्या हाताशी, असलाच पाहिजे. खर्च वाढतो म्हणून तो गाळण्याचा प्रस्ताव संस्थेत आला होता. मी त्यावर सही करण्यास नकार दिला आणि तो प्रस्ताव मागे घेतला गेला, याचे मला समाधान आहे.

आता धातूंविषयी थोडे. स्वस्त म्हणून पहिल्या नमुन्याचे पिंप जस्ती पत्र्याचे केले होते. धुण्याचा सोडा जस्त खातो आणि ॲल्युमिनिअमही खातो. मुलामा उडाला की गंज चढतो आणि गंजाचा डाग पांढऱ्या धोतरावरून पुढे साध्या धुण्याने निघत नाही. स्टेनलेस स्टील महाग पडते, तरी आतल्या पिंपाला तेच घ्यावे, बाहेरचे प्लास्टिकचे चालेल. भोके पाडताना ठोसा आतून बाहेर मारावा, म्हणजे मागे राहणारी धारदार कोर कपड्याकडे येत नाही. आणि नंतर कापसाचा बोळा आतून सर्वत्र फिरवून पाहावा, जेथे कापसाचे तंतू अडकून राहतील तेथे उद्या कोणाचे तरी पातळ फाटणार आहे असे समजून ती जागा घासून घ्यावी. कण्याच्या सीलमधून आज ना उद्या पाणी झिरपतेच. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये बोटभर जागा सोडून तिला खालून एक भोक ठेवले तर ते पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर ठिबकते आणि सील बदलण्याची वेळ झाल्याचे घरच्यांना दिसते. ही अगदी क्षुल्लक वाटणारी तजवीज यंत्राचे आयुष्य कित्येक पटींनी वाढविते.

पाणी ओतण्याचे तोंड कमरेच्या वर नसावे, आणि निचऱ्याच्या तोटीखाली बादली सरळ बसावी एवढी यंत्राची उंची असावी, कारण शेवटच्या खळबळीचे पाणी पुढच्या धुण्याला वापरले जाते आणि ते मोरीत वाहून गेलेले कोणाही बाईला बघवत नाही. दुष्फेन पाण्याच्या गावी आधी सोडा विरघळवून थोडा वेळ थांबावे व मग साबण घालावा. नाहीतर साबणाचा बराचसा भाग पाण्यातील चुन्याशी संयोग पावून करड्या चोथ्याच्या रूपाने कपड्यावरच बसतो. फेस फार करणारी पूड फिरत्या पिंपात घालू नये. फेसाच्या गादीवर पडलेला कपडा आपटत नाही.

चाचणी घेताना नवे टॉवेल घेऊ नयेत. घरातले खरे धुणे घ्यावे, धुण्यापूर्वी कोरडे आणि पिळल्यावर ओले असे दोन्ही वेळा ताणकाट्यावर वजन करावे, आणि वहीत लिहावे. पिळलेल्या कपड्याचे वजन कोरड्याच्या दुपटीहून अधिक भरत असेल तर बाकी सर्व सुधारणा बाजूला ठेवून आधी पिळण्याकडे वळावे. आणि दसऱ्याचे धुणे विसरू नये. घटस्थापनेपूर्वी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या ओढ्यावर नेऊन धुण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. वर्षातले सर्वांत जड धुणे तेच, आणि भिजलेली गोधडी कोणत्याही घरगुती पिंपात मावत नाही. म्हणून रूळ यंत्राला कायमचे जोडू नयेत. ते चौकटीसकट सुटे निघावेत, त्यांची लांबी दोन फूट असावी, मधली फट स्क्रूने वाढविता यावी, आणि चौकटीला दोन्ही बाजूंनी धरण्याच्या मुठी असाव्यात, म्हणजे दोघीजणींना ते उचलून ओढ्यापर्यंत नेता येतील.