सोसायटीचे बिल

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांचे सारे आयुष्य परळच्या चाळीत गेले. उतारवयात, पै पै साठवून, त्यांनी हा ब्लॉक घेतला. दर महिन्याला त्या खाली येत आणि आमच्या हातावर पैसे ठेवीत. म्हणत, "मास्तर, हे भाडं घ्या."

आम्ही तेव्हा सोसायटीचे चिटणीस होतो. हेडमास्तरकीतून निवृत्त झालो, आणि लोकांनी हे काम आमच्या गळ्यात घातले. आम्ही पैसे घ्यायचो, पावती फाडून द्यायचो. "भाडं" हा शब्द मात्र तसाच सोडून द्यायचो. मुलांच्या वहीतली चूक आम्ही कधी सोडली नाही. ही सोडली.

भाडे कोणाला देतात? घरमालकाला. मग सोसायटीचा घरमालक कोण? तुम्हीच. तुम्ही आणि तुमचे शेजारी मिळून सोसायटी होते. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, पंप, दिवे हे सगळ्यांचे. त्यांचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्या वाटणीच्या कागदाला आपण बिल म्हणतो. कोणी मेंटेनन्स म्हणतात.

ही रीत काही आजची नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी खटपट केली. भाड्याच्या घरांत राहणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन आपली घरे उभी केली. आज आपल्या राज्यात अशा संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा आहे.

आता बिल हातात घ्या. चष्मा लावा. घाई नको.

वर तुमचे नाव आणि ब्लॉकचा नंबर असतो. खाली एकेका ओळीत एकेक रक्कम असते. मालमत्ता कर हा महानगरपालिकेचा. सोसायटी तो गोळा करून भरते. पाणीपट्टी ब्लॉकमधल्या नळांच्या संख्येवर धरतात. तुमच्या घरी तीन नळ आणि शेजारी पाच असतील, तर दोघांची रक्कम सारखी कशी, हे विचारायला हरकत नाही. सेवाशुल्क म्हणजे पहारेकरी, झाडूवाला, जिन्यातले दिवे, कागद-शाई यांचा खर्च. तो सर्वांना सारखा. लहान ब्लॉकला कमी आणि मोठ्याला जास्त, असे त्यात नाही.

लिफ्टच्या ओळीवरून तर दरवर्षी भांडण होते. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्टमध्ये पायसुद्धा ठेवत नाही, मग पैसे का? पण आदर्श उपविधीत तसेच आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी खर्च सारखा द्यायचा, लिफ्ट वापरा की न वापरा. (उपविधी म्हणजे सोसायटीचे नियमांचे पुस्तक.) आम्हीही तळमजल्यावरच राहतो. आम्हालाही ते फारसे पटत नाही. तरी देतो.

मग येतात दोन निधी. एक दुरुस्ती निधी. दुसऱ्याला सिंकिंग फंड म्हणतात. इमारत जुनी झाली की मोठे काम निघते, त्यासाठीची ती शिल्लक. उपविधीप्रमाणे ब्लॉकच्या बांधकामाला जो खर्च आला, त्यावर वर्षाला दुरुस्ती निधी निदान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड निदान पाव टक्का. समजा, बांधकामाचा खर्च ४ लाख रुपये. तर वर्षाचा दुरुस्ती निधी झाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५०. सिंकिंग फंड झाला वर्षाला १,०००. ब्लॉक तुम्ही ज्या किमतीला विकत घेतला, ती किंमत इथे धरायची नाही. बांधकामाचा खर्चच धरायचा. पुष्कळ जण इथे फसतात.

आता मावशींची गोष्ट पुरी करू. सासूबाई आजारी पडल्या, म्हणून मावशी वर्षभर कोकणात गावी राहिल्या. ब्लॉक भाड्याने दिला. त्याच्या आधीच्या सभेत एक ठराव झाला होता. जो ब्लॉक भाड्याने देईल त्याने महिन्याला ५०० रुपये जादा द्यावे. याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात. ठराव आम्हीच लिहिला होता. आम्हीच वाचून दाखवला, तोही जेवणाची वेळ झाली म्हणून भराभर. मावशींनी हजेरीच्या वहीत सही केली होती. तेवढी त्यांना येत होती. वर्षाचे ६,००० रुपये त्यांनी मुकाट्याने भरले.

गावाहून आल्यावर त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. तो वर्गही आम्हीच घेत होतो. वाचायला काहीतरी हवे म्हणून एक दिवस त्यांनी जुनी बिले आणली. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग विचारले, "मास्तर, हे पाचशे कुठल्या हिशेबानं?"

आम्ही म्हणालो, "ठराव झालाय. तुमचीही सही आहे."

त्या म्हणाल्या, "मी आले होते म्हणून सही केली. काय ठरलं ते मला कुठं कळलं?"

रात्री आम्ही कागदपत्रे काढून बसलो. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि हे धरताना पालिकेचे कर वगळायचे. आमच्याकडे सेवाशुल्क होते ६०० रुपये. म्हणजे महिन्याला ६०, वर्षाला ७२०. आम्ही ५,२८० रुपये जादा घेतले होते. सभेत सगळ्यांचे हात वर झाले होते, हे खरे. पण जिथे कायद्याने मर्यादा घातली, तिथे सगळ्यांचे हात मिळूनही ती ओलांडता येत नाही. आणि हजेरीची सही म्हणजे ठरावाला होकार नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही समितीपुढे चूक कबूल केली. एक-दोघे म्हणाले, आता कशाला उकरून काढता? शेवटी ती रक्कम मावशींच्या पुढच्या बिलांतून वळती केली. आणखी दोन ब्लॉकवाल्यांचेही पैसे निघाले. त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तिची नोटीस पुरे १४ दिवस आधी मिळाली पाहिजे, आणि त्यात सभेपुढचे विषय लिहिलेले असले पाहिजेत. ब्लॉक केवढाही असो, एका सभासदाला एकच मत. ठराव समजला नाही तर सरळ म्हणा, "पुन्हा वाचा, सावकाश वाचा." सभेचे इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झाले त्याची वही, आणि तुमच्या खात्याचा हिशेब सोसायटीच्या कचेरीत फुकट पाहता येतो. नक्कल हवी असेल तर शुल्क पडते.

शंका आली म्हणून बिल भरायचे थांबवू नका. थकबाकी झाली की वसुलीचा दाखला निघू शकतो. शंका कागदावर लिहून चिटणीसाला द्या. दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" अशी सही आणि तारीख घ्या. उत्तर आले नाही, तर ती प्रत घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

मावशींनी असा कागद आपल्या हाताने लिहिला होता. चार ओळींचा. "सेवाशुल्क" मधला "ल्क" त्यांना काही केल्या जमला नाही. तो कागद आम्ही सोसायटीच्या फाइलीत लावून ठेवला आहे. आता तुमच्या घरचे शेवटचे बिल काढा. त्यातली पाणीपट्टी वहीत लिहा, आणि घरातले नळ मोजून शेजारी मांडा.