आकाशातला चौक

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील विमानतळावर वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते. आकाशात ना रस्ता, ना मैलाचा दगड. मग ठरलेल्या जागी आपण पोहोचलो, हे वैमानिकाला कसे कळते?

विमानमार्ग हवाई नकाशावर आखलेले असतात. दोन मार्ग जेथे छेदतात, त्या छेदबिंदूला बहुधा पाच इंग्रजी अक्षरांचे, उच्चारायला सोपे नाव देतात. जमिनीवर त्याची काहीही खूण नसते. तो भूमितीने शोधावा लागतो.

त्यासाठी व्हीओआर नावाची रेडिओ केंद्रे असतात. नागपूर आणि रायपूर येथे अशी केंद्रे आहेत. केंद्रातून दोन संकेत निघतात. एकाची कला सर्व दिशांना सारखी असते, दुसऱ्याची दिशेनुसार बदलते. केंद्राच्या चुंबकीय उत्तरेस दोन्हींच्या कला जुळतात; पूर्वेस त्यांत ९० अंशांचा, तर दक्षिणेस १८० अंशांचा फरक पडतो. विमानातील यंत्र हा फरक मोजते. तोच केंद्रापासून विमानाच्या दिशेचा कोन होय.

मात्र एका केंद्रावरून केवळ एक रेषा मिळते. विमान त्या रेषेवर कोठेही असू शकेल. दुसऱ्या केंद्राची रेषा पहिलीला छेदते, तेव्हा जागा निश्चित होते.

हे तुम्ही स्वतः करून पाहा. नकाशावर नागपूरपासून उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने ७० अंशांची रेषा काढा. रायपूरपासून तशीच २८४ अंशांची काढा. (आपल्या भागात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत एक अंशापेक्षाही कमी फरक आहे, म्हणून तो येथे सोडून देऊ.) दोन्ही रेषा गोंदिया शहराच्या थोड्या ईशान्येस, बिरसीजवळ मिळतील.

आता सावधगिरीचा मुद्दा. नागपूर ते बिरसी सरळ अंतर सुमारे १३७ किलोमीटर आहे. तेथे एका अंशाची चूक म्हणजे रेषा सुमारे २.४ किलोमीटर सरकली! शिवाय आपल्या दोन रेषांमधला कोन केवळ ३४ अंशांचा आहे. त्यामुळे छेदबिंदू सुमारे ४.३ किलोमीटर सरकेल. रेषा काटकोनात छेदत असत्या, तर तो २.४ किलोमीटरच सरकला असता. म्हणून छेदबिंदूसाठी केंद्रे निवडताना रेषांमधला कोन फार लहान नसावा, हे पाहतात.

दुसरे केंद्र सोयीचे नसेल तर अंतर मोजणारे डीएमई यंत्र उपयोगी पडते. विमानाने पाठवलेल्या संकेताला उत्तर यायला लागणाऱ्या वेळेवरून ते अंतर काढते. एक रेषा आणि तिच्यावरील अंतर, एवढ्याने बिंदू मिळतो.

आज विमाने मुख्यतः उपग्रहांच्या साहाय्याने मार्ग काढतात. पण उपग्रहांचे संकेत मिळेनासे झाले, तर हीच केंद्रे आधार देतात. म्हणूनच नव्या वैमानिकाला ही भूमिती शिकावी लागते.

जाता जाता एक प्रश्न: दोन रेषा १० अंशांच्या कोनात छेदल्या, तर २.४ किलोमीटरची चूक किती वाढेल? आकृती काढून मोजा.