उष्णता, दमट हवा आणि केसांचा घसारा

बदलीच्या नोकरीत नवे गाव, नवी भाषा आणि नवे पाणी यांच्याशी जुळवून घ्यावे लागते, हे बँकेत काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. आपल्या केसांनाही नव्या हवेशी जुळवून घ्यावे लागते, हे मात्र मला कोलकात्यास बदली झाल्यावर कळले. सोलापूरच्या कोरड्या हवेत सकाळी स्ट्रेटनरने सरळ केलेले केस संध्याकाळी शाखा बंद होईपर्यंत तसेच राहत. कोलकात्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. येथे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंतच केस पुन्हा वळू लागत. म्हणून मी प्रथम स्ट्रेटनरचे तापमान वाढविले. पुढे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तो फिरवू लागले.

दुर्गापूजेसाठी आई आली. पहिल्याच दिवशी वेणी घालायला बसली आणि थबकली. "अगं, शेपटा अर्ध्यावर कसा आला?" मी तर केस कापले नव्हते. ते मध्येच तुटत होते. दररोज हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून संरक्षण करणारा फवारा, न चुकता मारूनही असे का व्हावे, या प्रश्नाचा शोध घेताना जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

केस पुन्हा का वळतात?

केस हा मुख्यत्वे केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आत प्रथिनाच्या तंतूंचा गाभा आणि बाहेर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण, अशी त्याची रचना असते. गाभ्यातील तंतू दोन प्रकारच्या महत्त्वाच्या बंधांनी जोडलेले असतात. गंधकाचे बंध मजबूत असतात. कायमस्वरूपी केस सरळ करण्यासाठी वापरली जाणारी रसायने ते बदलतात. हायड्रोजनचे बंध मात्र पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस कोरडा वा थंड होताच नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. स्ट्रेटनरचे सारे काम या दुसऱ्या प्रकारच्या बंधांवर चालते.

म्हणूनच दमट हवेतील बाष्प केसात शिरले की ते बंध पुन्हा सुटतात आणि केस मूळ वळणावर जातो. यात दोष यंत्राचा नाही की तापमानाचा नाही. तापमान वाढवून कोलकात्याची हवा कोरडी होत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

चर्र आवाजाचा अर्थ

माझी दुसरी चूक अधिक गंभीर होती. मी केसांवर फवारा मारून लगेच स्ट्रेटनर फिरवीत असे. त्या वेळी होणारा चर्र आवाज हा फवारा काम करीत असल्याचा पुरावा आहे, अशी माझी समजूत होती. वस्तुतः तो पाणी उकळल्याचा आवाज होता.

स्ट्रेटनरच्या पट्ट्या साधारणतः १५० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. पाणी १०० अंशांस उकळते आणि त्याची वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. ओल्या केसाच्या आतच ही वाफ झाली, तर गाभ्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि त्या ठिकाणी केस ठिसूळ होऊन तुटतो. त्वचारोगशास्त्रात या विकाराची नोंद १९८६ पासून आहे. शिवाय कोरड्या केसातील केराटिनची घडण सुमारे २२० ते २४० अंशांच्या दरम्यान मोडते, तर ओल्या केसात ती १५० अंशांच्या आसपासच मोडू लागते. संरक्षणासाठी मारलेला फवाराच मी अशा रीतीने हानीचे कारण करून ठेवला होता.

फवारा काय करतो?

या फवाऱ्यांत बहुधा डायमेथिकोनसारखी सिलिकोन वर्गातील द्रव्ये, काही पॉलिमर आणि कधी गव्हाच्या प्रथिनांचे अंश असतात. फवारा सुकला की केसावर त्यांचा पातळ थर बसतो. सिलिकोन उष्णतेचे मंद वाहक असल्याने उष्णता आत सावकाश पोहोचते आणि अधिक समप्रमाणात पसरते. पट्टी सहज सरकत असल्याने खवल्यांचे घर्षणही घटते.

परंतु हा थर अतिशय पातळ असतो. तो उष्णता मंदावतो, थांबवीत नाही. बाटलीवर "२३० अंशांपर्यंत संरक्षण" असे छापलेले असले, तरी त्या तापमानास केस निर्धोक राहतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

तेल लावून भागेल का?

कोलकाता हे केशतेलांचे जुने शहर आहे. येथील हेमेंद्रमोहन बसू यांनी आपल्या 'कुंतलीन' तेलाच्या नावाने १८९६ साली कथास्पर्धा सुरू केली. तिचे पहिले पारितोषिक जगदीशचंद्र बसू यांच्या कथेस मिळाले. त्या कथेत समुद्रावर ओतलेले केशतेल वादळ शमविते! कथेत वादळ शमले, तरी स्ट्रेटनरपुढे तेलाची मात्रा चालत नाही. तेल लावलेल्या केसावर तापलेली पट्टी फिरविल्यास तेलही तापते आणि धुरावू लागते.

तेलाची वेळ निराळी आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी केसातील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीयरीत्या कमी करणारे खोबरेलच ठरले, कारण त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. तेव्हा खोबरेल न्हाण्यापूर्वी लावावे आणि शाम्पूने धुऊन टाकावे, हेच उचित.

योग्य क्रम

१. केस धुऊन पूर्णतः वाळवावेत. स्ट्रेटनर ओल्या केसांसाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ओलसर केसांवरही तो फिरवू नये.
२. केसांचे भाग पाडून वीतभर अंतरावरून फवारा मारावा आणि कंगव्याने तो टोकांपर्यंत पसरवावा.
३. फवारा पूर्ण सुकू द्यावा. वाफ दिसल्यास किंवा आवाज आल्यास तत्काळ थांबावे.
४. तापमान कमीत कमी ठेवावे. बारीक वा रंगविलेल्या केसांस १५० अंशांच्या आसपास, इतरांस १८० अंशांपर्यंत पुरेसे होते.
५. एका बटेवरून पट्टी एकदाच, फार तर दोनदा, न थांबता फिरवावी.
६. अनेक फवाऱ्यांत अल्कोहोल असते. ते गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातील दिव्याजवळ वापरू नयेत.
७. पावसाळ्यात केस पुन्हा वळल्यास त्याच दिवशी दुसऱ्यांदा सरळ करू नयेत; वेणी किंवा अंबाडा घालावा.

मुद्दल आणि घसारा

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे अर्धा मीटर लांब केसाचे टोक चार वर्षांचे जुने असते आणि त्या चार वर्षांतील प्रत्येक चटका त्याने सोसलेला असतो. त्वचेवरची जखम भरून येते. केसाचा डोक्याबाहेरचा भाग निर्जीव असल्याने त्याची झीज भरून येत नाही. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे, तर फवारा घसाऱ्याचा दर कमी करतो. गेलेले मुद्दल तो परत आणीत नाही.

आई परतण्यापूर्वी आम्ही दोघी जाऊन माझे केस खांद्यापर्यंत कापून आलो. तिला वाईट वाटले आणि मलाही. आता स्ट्रेटनर क्वचित समारंभापुरता बाहेर निघतो, तोही कोरड्या केसांवर आणि १५० अंशांवर. एरवी शाखेत मी माझ्या वळणदार केसांचा अंबाडा घालून बसते. पुढच्या पूजेस आई येईल, तेव्हा शेपटा नाही, तरी वेणी घालण्याइतके केस तिच्या हाती नक्कीच येतील.