आवाज गेला म्हणजे आजार गेला नाही

नाशिक

चि. मृण्मयीस,


झोपेत श्वास अडणाऱ्या पेशंटसाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी, तोंडात बसवायची उपकरणं तू आता करून देणार, हे कळलं. आनंद वाटला. तुझ्या हाताची मला काळजी नाही, काळजी आहे ती कौतुकाची. पेशंटची बायको पेढे घेऊन येईल, "यांचं घोरणं बंद झालं हो," म्हणेल, आणि तुला वाटेल, झालं काम.

घोरणं हा नुसता आवाज. खरा आजार म्हणजे घसा मिटून श्वास अडणं आणि रक्तातला ऑक्सिजन खाली येणं. आवाज थांबला तरी ते चालू राहू शकतं. म्हणून स्लीप स्टडी आणि झोपेच्या डॉक्टरांचं निदान हातात आल्याशिवाय माप घेऊ नकोस. श्वास तासाला किती वेळा अडतो किंवा उथळ होतो, तो आकडा एएचआय: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यावर तीव्र. तीव्र असेल तर पहिला मान सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलेली ही पद्धत एएचआय उतरवण्यात आजही आपल्या उपकरणापेक्षा सरस आहे. पण मास्क सोसवत नाही म्हणून मशीन कपाटात पडून असेल, तर रात्रभर तोंडात राहणारं उपकरण केव्हाही बरं.

गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार साचे स्वस्तात मिळतात. पेशंट विचारणारच, मग तुमचं कशाला? सांग, की तो साचा रात्री निसटतो आणि जबडा हवा तेवढाच पुढे नेण्याची सोय त्यात नीट नसते. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक आणि दंतवैद्यांच्या संस्थांनीही 2015 च्या संयुक्त शिफारशीत मापानुसार केलेल्या, कमी-जास्त करता येणाऱ्या उपकरणालाच पसंती दिली आहे.

आधी दात मोज, हिरड्या बघ, कानापुढचा सांधा चाचपून पाहा. हलणाऱ्या दातांवर हा भार टाकायचा नाही. मग पेशंटला खालचा जबडा होईल तेवढा पुढे काढायला सांग. तो 10 मिलिमीटर सरकत असेल, तर सुरुवात साधारण 5 वर कर. पुढे स्क्रू थोडाथोडा फिरव, घाई नको. सकाळी लाळ, दुखरा जबडा आणि न जुळणाऱ्या दाढा या तक्रारी येतील, त्या आधीच सांगून ठेव. काही वर्षांत वरचे पुढचे दात आत आणि खालचे बाहेर कलू शकतात, म्हणून पहिल्या दिवशीचं मॉडेल कधी टाकू नकोस.

जबड्याची जागा ठरली, की उपकरण घालून पुन्हा स्लीप स्टडी करायला लाव. "मला बरं वाटतंय" एवढ्यावर सोडू नकोस, आणि पेशंट एसटी किंवा ट्रक चालवणारा असेल तर मुळीच नाही. दिवसा स्टिअरिंगवर लागलेल्या डुलकीत इतरांचेही जीव जातात. या दुसऱ्या तपासणीचा खर्च पहिल्या दिवशीच एस्टिमेटमध्ये लिहून दाखव. नंतर सांगितलंस तर कोणी येत नाही.

तुझा,
काका